पीटीचा तास गणिताला जातो, पालकसभेत काय मागू?

नेरुळची आई: मुलगा सहावीत, सीबीएसईला. आठवड्यात पीटीचे दोनच तास, परीक्षा आली की तेही गणिताला. गेटसमोर फ्रँकी, कोला. मटकीची उसळ-पोळी दिली की डबा अर्धा परत. डॉक्टरांनी वजनाबद्दल बजावलंय. शनिवारी पालकसभा आहे. नेमकं काय मागू?

ठाण्याचे निवृत्त क्रीडाशिक्षक: ताई, पीटीचा तास दुसऱ्या विषयाला देणार नाही, हे लेखी घ्या. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाला रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल सांगते. क्रिकेटमध्ये निम्मी पोरं नुसती उभी असतात; साखळी, लंगडी घ्यायला सांगा. आणि जाड मुलाला शिक्षा म्हणून फेऱ्या मारायला लावू नका, हे ठणकावून सांगा. अशी मुलं पुढे मैदानाकडे फिरकत नाहीत. फार वाईट वाटतं ते बघून.

आहारतज्ज्ञ, वाशी: एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार जास्त चरबी-साखर-मिठाचे पदार्थ शाळेत आणि गेटपासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. सीबीएसईने २०२५ मध्ये शाळांना 'शुगर बोर्ड', म्हणजे कशात किती साखर ते दाखवणारा फलक, लावायला सांगितलंय. मुलांनाच मोजू द्या: ३०० मिली कोलात साधारण ३२ ग्रॅम, म्हणजे आठ चमचे साखर. वर्गात सर्वांसमोर वजन मात्र नको.

नेरुळची आई: सर, मॅडम, मनापासून आभार. वजनाचा मुद्दा सगळ्यात आधी मांडते. मागच्या महिन्यात तसंच झालं होतं.