शब्दचर्चा: 'भूमिगत हाऊस', 'बार' आणि 'डब मिक्स'

मांडवीकाठ: नव्या हाऊस-टेक्नो (क्लबमधलं इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत) रिलीजवर मराठीत टिपणं लिहिताना तीन शब्द अडतात. 'अंडरग्राउंड'ला भूमिगत लिहावं का? 'बार'ला आवर्तन चालेल? आणि 'डब मिक्स' म्हणजे डबिंग नव्हे ना?

ठेकेदार: भूमिगत नकोच. गोव्यात भूमिगत म्हटलं की पोर्तुगिजांविरुद्ध लढलेले डोळ्यांपुढे येतात. इथे अर्थ एवढाच, की मोठ्या कंपन्यांबाहेरचा, रेडिओसाठी न बेतलेला माल. 'हाऊस'चंही घर करू नका. ते नाव शिकागोच्या 'वेअरहाऊस' क्लबवरून आलं असं बहुतेक मानतात, म्हणजे भाषांतर करायला गेलात तर हाती गोदाम येईल.

सुवारी: बारला आवर्तन म्हटलं तर तबल्याचा कान असलेला वाचक हमखास चुकेल. बार 4 बीटचा. त्रितालाचं आवर्तन 16 मात्रांचं आणि नवव्या मात्रेवर खाली (बिनवजनाची मात्रा). हाऊसमध्ये किक (मोठ्या ड्रमचा ठोका) चारही बीटवर सारख्याच वजनाने पडते, खाली कुठेच नाही. क्लॅप 2 आणि 4 वर, उघडी हाय-हॅट (झांजांची जोडी) दोन किकच्या मधोमध. क्लॅपला 'टाळी'ही लिहू नका. त्रितालात टाळी 1, 5 आणि 13 वर असते, नुसता गोंधळ होईल.

आवर्तनासारखी वागते ती फ्रेज, बहुधा 8 किंवा 16 बारांची. नवा बास, नवा सूर, जे काही यायचं ते तिच्या पहिल्या बीटवर येतं. त्या बीटला 'सम' म्हणा, शब्द चपखल बसतो. 128 बीपीएमला (मिनिटाला 128 बीट) 16 बार म्हणजे बरोबर 30 सेकंद. डीजेने चालू ट्रॅकवर नवा ट्रॅक 4 बार उशिरा सोडला तर बीट जुळलेले राहतात, पण सम चुकते: जुन्याचा बास फ्रेज संपताच जातो, नव्याचा यायला 4 बार उरतात आणि डान्सफ्लोअर साडेसात सेकंद बासाविना उभा. उलट लवकर सोडला तर दोन बास एकमेकांवर चढून नुसता गढूळ आवाज येतो. तेव्हा नव्याचा लो (खर्जाचा आवाज) समेपर्यंत पूर्ण खाली ठेवायचा.

मांडवीकाठ: आणि टेम्पो, की?

ठेकेदार: टेम्पो आपल्याकडे मासळी वाहतो. 'लय' लिहा, आकडा बीपीएममध्ये. 'की'ला पेटीवाल्यांची 'पट्टी' आहेच. 124 चा ट्रॅक की-लॉक (लय बदलली तरी पट्टी न हलू देणारी सोय) न लावता 6 टक्के चढवला, तर लय 131 च्या पुढे जाते आणि काळी एकची पट्टी पांढरी दोन होते. की-लॉक लावला तर पट्टी राहते, पण इतक्या चढावर गायकाचा आवाज पत्र्यासारखा वाजू लागतो.

डबचा डबिंगशी संबंध नाही. शब्द जमैकातून आला. गाणं जवळजवळ काढून टाकायचं, ड्रम आणि बास पुढे आणायचे, आवाजाचे तुकडे प्रतिध्वनीत (एको) सोडायचे. टिपणात 'डब मिक्स'च ठेवा. 'रेडिओ एडिट' मात्र आवर्जून वेगळं नोंदवा: त्यात सुरुवातीचे नुसत्या ड्रमचे बार कापलेले असतात, मिसळायला जागाच उरत नाही.

मांडवीकाठ: राहिला 'बिल्ड-अप', म्हणजे ड्रॉपच्या आधीचा चढाव.

सुवारी: स्नेअर आधी बरोबरीत, मग दुगुन, मग चौगुन. गोव्यातलं घुमट-शामेळ वाजवणाऱ्याला आणखी सांगावं लागणार नाही. 'ड्रॉप'ला (चढावानंतर किक-बास पुन्हा पूर्ण जोरात येतात ती जागा) मात्र नुसतं 'सम' पुरत नाही, कारण सम दर फ्रेजला येते. शिवाय ड्रॉपच्या आधी शेवटच्या बीटला किक बरेचदा गप्प असते, आणि त्या गप्प बीटला अजून कुणी नाव दिलेलं नाही.

ठेकेदार: 'दम' म्हणा. तिहाईच्या (तोच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं) दोन पल्ल्यांमधल्या थांब्याला तबलजी तेच म्हणतात.