शनिवारी सकाळी साडेसातला उठणारी पोरं : अमेरिकेत सॉकर रुजलाय की नुसता उगवलाय?

एडिसनचा बाप

शाळेच्या दिवशी आमच्या चिरंजीवांना उठवायला तीन हाका, एक दम आणि शेवटी पांघरूण ओढणं एवढं लागतं. शनिवारी मात्र हा चौदा वर्षांचा गडी साडेसातच्या ठोक्याला स्वतःहून सोफ्यावर हजर, अंगात लंडनच्या आर्सेनल क्लबची जर्सी. लंडनमध्ये तेव्हा दुपारचे साडेबारा, सामन्याची वेळ. लंडन त्याने पाहिलंय ते मुंबईला जाताना विमानतळाच्या काचेतून. यांकीज या बेसबॉल संघाचं मैदान न्यूजर्सीतल्या एडिसनच्या आमच्या घरापासून तासाभरावर आहे, पण तिकडे चल म्हटलं की "बाबा, बोअर होतं."

मी २००४ मध्ये इथे आलो तेव्हा सॉकर (आपण भारतात फुटबॉल म्हणतो तो) म्हणजे लहान पोरांनी खेळायचा आणि मध्यंतरात संत्र्याच्या फोडी खायचा खेळ होता. ऑफिसात त्यावर कुणी चकार शब्द काढत नसे. आता मुलाच्या वर्गात कोण कुठल्या क्लबचा यावरून अबोले होतात.

माझं मत असं, की हा बदल आता मागे फिरत नाही. १९९४ चा विश्वचषक इथे झाला तेव्हा प्रत्येक सामन्याला सरासरी जवळजवळ ६९ हजार माणूस आला. पण तेव्हा देशात धड व्यावसायिक लीगही नव्हती. एमएलएस, म्हणजे मेजर लीग सॉकर, सुरू झाली १९९६ मध्ये, दहा संघांनिशी. २००१ च्या हंगामानंतर तर फ्लोरिडातले दोन संघ गुंडाळावे लागले. आज तीस संघ आहेत. एनबीसी वाहिनी २०१३ पासून इंग्लंडची प्रीमियर लीग घराघरात दाखवतेय, मेस्सी २०२३ मध्ये मायामीत येऊन बसलाय. २०२६ च्या उन्हाळ्यातल्या विश्वचषकाच्या १०४ सामन्यांपैकी ७८ अमेरिकेत, आणि अंतिम सामना आमच्या न्यूजर्सीत. या पिढीपुरता बेसबॉल संपला, असं मी म्हणतो. बोला.

डॅलसकर

बापसाहेब, वाण्याच्या दुकानात पाटी असायची, 'आज रोख, उद्या उधार'. अमेरिकेतल्या सॉकरचं तसंच आहे. मी पंचवीस वर्षं ऐकतोय की हा उद्याचा खेळ. तो उद्या काही उजाडत नाही.

त्याआधीही हेच झालंय. १९७५ मध्ये पेले न्यूयॉर्क कॉसमॉसकडून खेळायला आला. १९७७ मध्ये तुमच्याच न्यूजर्सीत त्यांच्या एका सामन्याला ७७ हजारांवर गर्दी लोटली. सगळे म्हणाले, आता झालं. १९८४ चा हंगाम संपला आणि तेव्हाची ती लीगही संपली. मेस्सीच्या नावावर उड्या मारणाऱ्यांनी हे आठवावं.

आता आकडे घ्या. आवडता खेळ कोणता, असं गॅलप या सर्वेक्षण संस्थेने २०१७ मध्ये विचारलं तर सॉकर ७ टक्के. २०२३ मध्ये पुन्हा विचारलं तर ५! वाढती लोकप्रियता म्हणतात ती हीच का? अमेरिकन फुटबॉल ४१, आणि तुम्ही ज्याचं श्राद्ध घातलंत तो बेसबॉल १० टक्के. २०२२ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना, मेस्सी-एम्बापे वगैरे, इंग्रजी आणि स्पॅनिश वाहिन्या मिळून अडीच कोटींच्या आसपास लोकांनी इथे पाहिला. सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, बारा कोटींच्या वर.

आमच्या टेक्सासात शुक्रवारी रात्री एकदा या. गावातली सगळी माणसं हायस्कूलच्या फुटबॉलला. बँड, चीअरलीडर, नाचोचा वास. त्याला रुजणं म्हणतात.

दुसरी पिढी

माझी मराठी बोलायची आहे, लिहायची नाही, तर चुका पोटात घाला. मी २१, जन्म इथलाच. तुम्ही सगळे आमच्याबद्दल बोलताय म्हणून आलो.

डॅलसकर काका, त्या सर्व्हेत एकच खेळ सांगायचा असतो. मला विचारलं तर मीपण बास्केटबॉल म्हणेन बहुतेक. आणि सॉकर मी आठवड्यातून चार दिवस बघतो. मग मी तुमच्या ५ टक्क्यांत नाहीच.

आम्हाला सॉकर मैदानावर नाही भेटला. व्हिडिओ गेममध्ये भेटला. नऊ वर्षांचा असताना मला बार्सिलोनाची अख्खी टीम पाठ होती, अमेरिकेच्या टीममधले दोनच खेळाडू माहीत होते. नंतर फोनवर गोल बघायला लागलो. मॅच दोन तासांत संपते, घड्याळ थांबत नाही, मध्ये जाहिराती नाहीत. अमेरिकन फुटबॉलचं प्रक्षेपण तीन तासांच्या वर जातं. वॉल स्ट्रीट जर्नलने २०१० मध्ये घड्याळ लावून मोजलं होतं, त्यात बॉल प्रत्यक्ष खेळात असतो साधारण अकरा मिनिटं. बाकी ट्रकच्या जाहिराती.

२०२२ ला अमेरिका-इंग्लंड मॅच थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी होती. आमच्या घरी सोळा जण. ०-० झाली. कोणी उठलं नाही. आजी पण नाही, पण तिला झोप लागली होती.

पेठेतला

कोल्हापुरातनं लिहितोय. पयलं म्हणजे त्याला फुटबॉल म्हणा की राव. हातात घेऊन पळायच्या खेळाला फुटबॉल आणि पायानं खेळायच्या खेळाला सॉकर, ह्यो कुठला न्याय?

एडिसनचा बाप

पेठेतले, सॉकर हा शब्द अमेरिकनांचा नाहीच. 'असोसिएशन फुटबॉल'मधल्या असोसिएशनचा लचका तोडून ऑक्सफर्डच्या पोरांनी एकोणिसाव्या शतकात केलेला. इंग्रजांनी स्वतः वापरला, मग टाकला, आणि आता अमेरिकेला हसतात. सुनेला दिलेली साडी पुन्हा नावं ठेवायला सासूच मोकळी.

फ्रीमाँटची आई

एवढं सगळं लिहिलंत आणि मुलींचं नाव एकदाही नाही. धन्य आहे.

इथे सॉकर वाढला तो पेले-मेस्सींनी नाही. १९७२ मध्ये टायटल नाइन कायदा आला आणि शाळा-कॉलेजांना मुलींच्या खेळांना जागा आणि पैसा द्यावा लागला. सॉकरला गोलपोस्ट आणि चेंडू पुरतो, एका संघात बऱ्याच मुली मावतात. म्हणून कॉलेजांनी मुलींचे संघ काढले. म्हणून शिष्यवृत्त्या आल्या. म्हणून आया मुलींना घेऊन मैदानावर गेल्या. १९९९ ला रोझ बोल स्टेडियममध्ये महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला ९०,१८५ प्रेक्षक होते. चार विश्वचषक अमेरिकेच्या बायकांनी जिंकलेत, १९९१, १९९९, २०१५, २०१९. पुरुषांची गेल्या नव्वद वर्षांतली मजल २००२ ची उपांत्यपूर्व फेरी. समान वेतनासाठी त्याच मुली कोर्टात गेल्या आणि २०२२ मध्ये २ कोटी ४० लाख डॉलरची तडजोड घेऊन परतल्या. माझ्या लेकीच्या वयाच्या मुलींना हे सगळं पाठ आहे. डॅलसकरांच्या शुक्रवारच्या बँडच्या तालावर मुली काय करतात? बाजूला उभ्या राहून नाचतात.

पण थांबा, मी बापसाहेबांच्या बाजूनेही नाही. माझी मुलगी सातव्या वर्षापासून खेळली, तेराव्या वर्षी सोडलं. क्लबची फी वर्षाला साडेतीन हजार डॉलर. गणवेश वेगळा, स्पर्धांसाठी हॉटेलं वेगळी, कोच सांगेल ते खासगी शिकवणीवर्गही वेगळे. रविवारी पहाटे पाचला तीन तास गाडी हाकत सॅक्रामेंटोच्या पलीकडे, एकेचाळीस डिग्रीत दोन सामने, आणि त्यात तिला मिळून वीस मिनिटं. शेवटी तीच म्हणाली, "आई, मला आता मजा येत नाही." ज्याला आपण लोकप्रियता म्हणतोय, त्यातली निम्मी पालकांच्या क्रेडिट कार्डावर आहे.

पेठेतला

थांबा थांबा. फुटबॉल खेळायला पोरगीनं पैसं भरायचं? साडेतीन हजार डॉलर??

आमच्याकडं पोरगं तालमीचं असतंय. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, ज्या पेठेत जन्मलं त्या पेठेचं. बूट नसला तर तालमीतला थोरला कोणतरी घेऊन देतोय. शाहू स्टेडियमवर मॅच असली की बाप दुकान बंद करून येतोय, आज्जा काठी टेकत येतोय. हुल्लडबाजीनं सामने बंद पडल्यालं पण बघितलंय, ते काय चांगलं न्हाय. पण फी? आमचा अनिकेत जाधव २०१७ ला सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळून आला. जिथं पैसं भरून खेळ शिकायला लागतोय तिथं त्यो गरिबाच्या पोराला कसा गावायचा?

डॅलसकर

कोल्हापूरकरांनी माझं काम हलकं केलं. हेच तर दुखणं आहे. युरोपात क्लब मूल घडवतो आणि पुढे विकून पैसा करतो, त्यामुळे त्याला गुणी पोर हवं असतं. इथे क्लबचा पैसा पालकांकडून येतो, त्यामुळे त्याला फी भरणारं पोर हवं असतं. एमएलएसच्या अकादम्या आता बहुतेक ठिकाणी फुकट शिकवतात, पण तिथवर पोचणारे किती?

परिणाम बघा. ऑक्टोबर २०१७, त्रिनिदादविरुद्ध नुसती बरोबरी हवी होती. हरले २-१. बत्तीस कोटींचा देश २०१८ च्या विश्वचषकाला घरी. त्या दिवशी अमेरिकेचा एकमेव गोल मारणारा पुलिसिक, हर्शीचा, चॉकलेटवाल्या गावचा, तोही सोळाव्या वर्षी जर्मनीला गेला म्हणून घडला.

ह्यूस्टनची बाई

मी मिडल स्कूलला शिकवते. 'तरुण अमेरिकन' म्हणताना तुमच्या डोळ्यांसमोर एक तर आपलं देसी पोर आहे, नाही तर उपनगरातलं गोरं. इथल्या अठरा वर्षांखालच्या मुलांत चौथा हिस्सा लॅटिनो आहे. माझ्या वर्गात अर्ध्याच्या वर. त्यांना 'सॉकरची वाढती लोकप्रियता' हा विषय निबंधाला दिला तर ती तोंडाकडे बघत बसतील. त्यांच्या घरात तो कधी वाढलाच नाही, आधीपासून होताच. अमेरिकेत टीव्हीवर सर्वाधिक बघितली जाणारी सॉकरची लीग प्रीमियर लीग नाही आणि एमएलएसही नाही, मेक्सिकोची लीगा एमएक्स आहे. मेक्सिकोचा संघ इथे खेळायला आला की स्टेडियम हिरवंगार होतं.

आणि गॅलप प्रौढांनाच विचारतं. माझी पोरं बारा वर्षांची आहेत.

डॅलसकर, तुमच्याच राज्यातल्या नॅकोडोचेसचा क्लिंट डेम्प्सी. पुरुष संघाकडून ५७ गोल, डोनोव्हानच्या बरोबरीने सगळ्यांत जास्त. तो ट्रेलर पार्कात राहत होता, मेक्सिकन मोठ्या माणसांच्या रविवारच्या सामन्यांत घुसून शिकला. आईबाप त्याला सरावासाठी तीन-तीन तास गाडी चालवून डॅलसला नेत. आमच्या शाळेमागच्या मैदानावर रोज असे चार तरी दिसतात. त्यांच्या बापाकडे तीन तास गाडी चालवायला सुट्टी नाही.

फ्रीमाँटताई, तुमच्या फीच्या मुद्द्याला माझं शंभर टक्के अनुमोदन आहे.

पार्लेकर

आणि क्रिकेट? २०२४ मध्ये ६ जूनला अमेरिकेने पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये हरवलं, ते डॅलसजवळच. ओव्हर टाकली आपल्या मुंबईच्या सौरभ नेत्रावळकरने!

एडिसनचा बाप

पार्लेकर, अभिमान आहेच, पण धागा भरकटवू नका. माझ्या मुलाला नेत्रावळकर माहीत आहे कारण मी सांगितलं. आर्सेनलचा साका मला त्याने सांगितला. फरक लक्षात घ्या.

डॅलसकर, २०१८ चा एमएलएसचा अंतिम सामना अटलांटात झाला, ७३,०१९ प्रेक्षक. अटलांटा, म्हणजे कॉलेज फुटबॉलची काशी. ते काय नाचो खायला आले होते?

डॅलसकर

अटलांटाचा मालक कोण? आर्थर ब्लँक. फाल्कन्स या फुटबॉल संघाचाही मालक तोच, स्टेडियमही तेच. तुमचा सॉकर आमच्या फुटबॉलच्या ओसरीवर राहतोय.

एक मात्र कबूल. डोक्याच्या दुखापतींच्या बातम्या आल्यापासून आमच्या गल्लीतले तीन-चार आईबाप फुटबॉलला नाही म्हणाले. पण सॉकरमध्येही २०१५ मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या पोरांना चेंडू डोक्याने मारायची बंदी आलीच. आणि हायस्कूलमध्ये अजूनही दहा लाखांवर मुलं हेल्मेट चढवतात, सॉकर खेळणाऱ्या मुलग्यांच्या दुपटीहून जास्त.

बापसाहेब, तुम्हाला एकच प्रश्न. तुमचा मुलगा आर्सेनलचा. न्यूयॉर्क रेड बुल्सचं मैदान तुमच्या घरापासून अर्ध्या तासावर, हॅरिसनला. किती वेळा गेला?

एडिसनचा बाप

एकदा. वाढदिवसाच्या पार्टीला.

डॅलसकर

मग त्याला इंग्लंडची टीव्ही मालिका आवडते म्हणा. अमेरिकेत सॉकर रुजला म्हणू नका.

दुसरी पिढी

काका, माझे बाबा न्यूजर्सीत बसून मुंबई इंडियन्स बघतात. त्यांना कोणी विचारत नाही की इथल्या लीगला गेलात का. घराजवळचीच टीम आपली, हे तुमच्या पिढीचं आहे. मी तर क्लब पण नाही, खेळाडू फॉलो करतो. तो गेला की मी पण जातो.

पेठेतला

खेळाडू गेला की तू पण जाणार? भावा, आमच्या पेठेत असं बोलला असतास तर जेवायला कुणी बोलावलं नसतं.

फ्रीमाँटची आई

या 'गेला की गेलो'वर लीग उभी राहते का, हा खरा प्रश्न आहे. पेले गेल्यावर काय झालं ते डॅलसकरांनी सांगितलंच आहे. पण मुलींच्या बाबतीत तसं दिसत नाही. महिला संघाची मिया हॅम निवृत्त झाली, मेगन रॅपिनो झाली, तरी २०२४ मध्ये कॅन्सस सिटीत खास महिलांच्या व्यावसायिक संघासाठी स्टेडियम बांधून उभं राहिलं. कुणाच्या ओसरीवर नाही, डॅलसकर, स्वतःच्या घरात. माझ्या मुलीने खेळणं सोडलं, पण बे एफसी या महिला संघाचे सामने बघायला ती मैत्रिणींबरोबर सॅन होजेला जाते, आणि तिकिटाचे पैसे बेबीसिटिंग करून स्वतः मिळवते. फीच्या प्रश्नाला मात्र अजून कुणी हात घातलेला नाही.

एडिसनचा बाप

आत्ताच मुलाला विचारून आलो. म्हटलं, पुढच्या शनिवारी संध्याकाळी हॅरिसनला जाऊ, मी तिकिटं काढतो. फोनवरून मान वर न करता विचारतो, "मायामीशी आहे का?"

डॅलसकर

झालं!

ह्यूस्टनची बाई

बापसाहेब, तिकिटं काढाच. आणि आत शिरल्यावर ज्या बाजूला ढोल वाजत असतील त्या बाजूची काढा, महागातली नकोत.