नरेंद्र–शेल्डे वाहिनी आणि आमचा ११ केव्हीचा फिडर: ऊर्जासुरक्षा कोणत्या खांबापासून मोजायची?

कणकुंबी परिसर (धागाकर्ता)

धारवाडजवळच्या नरेंद्र उपकेंद्रापासून गोव्यातील शेल्ड्यापर्यंत ४०० केव्हीची (किलोव्होल्टची) वीजवाहिनी नेण्याचा प्रस्ताव धारवाड, बेळगाव आणि उत्तर कन्नड या तीन जिल्ह्यांतील जंगलपट्ट्याला छेदून जातो. त्याच्या समर्थनार्थ जे काही बोलले जाते, त्यात ‘राष्ट्रीय ऊर्जासुरक्षा’ हा शब्द हमखास येतो. माझा आक्षेप त्या शब्दाच्या वापराला आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्या वाडीत सलग चार दिवस वीज नव्हती. त्या चार दिवसांत देशाचे ग्रिड (मोठ्या वीजवाहिन्यांचे जाळे) सुरळीत चालू होते आणि ३३ केव्हीच्या उपकेंद्रापर्यंत वीज पोहोचलेलीही होती. अडली होती ती जंगलातून येणाऱ्या उघड्या तारेवर कोसळलेल्या ऐनाच्या एका फांदीपाशी. आमचा फिडर, म्हणजे उपकेंद्रापासून गावांपर्यंत येणारी ११ केव्हीची वाहिनी, एकाच बाजूने येतो, त्याला दुसऱ्या बाजूने वीज देण्याची सोय नाही, आणि पावसात ओढे ओलांडत तार शोधणारा लाईनमन अनेक गावांना मिळून एकच आहे. त्याला मी दोष देणार नाही, कारण चौथ्या दिवशी कमरेइतक्या पाण्यातून तोच आला होता.

ज्या जंगलातून देशासाठी वाहिनी जाणार, त्याच जंगलातील गावांना उघड्या तारांऐवजी एबी केबल (आवरण असलेल्या, एकत्र पिळलेल्या तारा) आणि दुसऱ्या बाजूची जोडणी द्यावी, आणि ते काम पूर्ण झाल्याशिवाय मनोऱ्यांसाठी झाडे तोडू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

निवृत्त, पारेषण विभाग (बेळगाव)

आपली व्यथा खरी आहे, परंतु निष्कर्ष चुकीचा आहे. आंतरराज्य पारेषणाचा (मोठ्या वाहिन्यांतून वीज दूरवर नेण्याचा) खर्च देशभरातील वापरकर्त्या कंपन्यांमध्ये वाटला जातो, तर ११ केव्हीच्या फिडरचा खर्च राज्याच्या वितरण कंपनीच्या वार्षिक आराखड्यातून होतो. या दोन वेगळ्या थैल्या आहेत. एकीचे तोंड बांधल्याने दुसरीत पैसा पडत नाही.

दुसरे असे की, मोठ्या वाहिन्या नसल्या तर काय होते हे दक्षिणेने भोगलेले आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचे ग्रिड उर्वरित देशाशी एका वारंवारतेवर (फ्रिक्वेन्सीवर) आले, म्हणजे दोन्ही एका तालात चालू लागले. त्याआधी पश्चिमेकडे शिल्लक वीज असूनही ती इकडे आणण्याची वाट अरुंद होती, त्यामुळे वीजबाजारात दक्षिणेला तीच वीज अनेकदा चढ्या भावाने घ्यावी लागे. २०२३ चा दुष्काळ आठवून पाहा. पाऊस हुकला, जलविद्युत घटली, पंपांची मागणी मात्र वाढली. कर्नाटक सरकारने ऑक्टोबरमध्ये विद्युत कायद्याचे कलम ११ वापरून राज्यातील खाजगी प्रकल्पांना वीज राज्यालाच देण्यास सांगितले, आणि शिवाय उत्तर प्रदेश व पंजाबकडून परतबोलीने वीज आणली. ती वीज रायचूर–सोलापूरसारख्या वाहिन्या असल्यामुळेच इथवर येऊ शकली. गोव्याकडे स्वतःची मोठी निर्मिती नाही, म्हणून त्यांनाही दुसरी भक्कम वाट हवी असणे स्वाभाविक आहे.

हुक्केरी तालुका

‘एक देश, एक ग्रिड’ याची दुसरी बाजू कोणी सांगत नाही म्हणून लिहितो. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर भारत अंधारात गेला आणि दुसऱ्या दिवशी पूर्व व ईशान्य भागही गेले. ग्वाल्हेर–बिना ही ४०० केव्हीची एक वाहिनी तुटण्यापासून सुरुवात झाली आणि सुमारे ६२ कोटी लोकांपर्यंत झळ पोहोचली. दक्षिणेत दिवे चालू होते, कारण दक्षिण तेव्हा वेगळी होती! जोडणीने टंचाई वाटली जाते, तसा बिघाडही वाटला जातो.

वितरणाबाबत माझा अनुभव कणकुंबीकरांपेक्षा निराळा आहे. आमच्याकडे १९६९ पासून ग्रामीण वीज सहकारी संस्था आहे. ती घाऊक वीज घेते आणि तालुक्यात वाटते. निवडणुकीत राजकारण शिरते हे मान्य. तरीही खांब वाकला तर ज्याला जाब विचारायचा तो संचालक आठवडी बाजारात भेटतो, आणि हे सुख मोठ्या कंपनीच्या ग्राहकाला नाही.

निवृत्त, पारेषण विभाग (बेळगाव)

दक्षिण वाचली ती पूर्णपणे तुटलेली होती म्हणून नव्हे. चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावतीसारख्या ठिकाणी ती एचव्हीडीसी (उच्च दाबाच्या एकदिश प्रवाहाच्या) केंद्रांतून जोडलेली होती, आणि अशा केंद्रातून ठरवलेली वीज जाते, पण पलीकडच्या वारंवारतेचा गोंधळ अलीकडे येत नाही. २०१२ नंतर वारंवारता घसरताच आपोआप भार कमी करणारे रिले आणि मोठ्या शहरांना बेटासारखे वेगळे काढण्याच्या योजना यांवर भर आला. सहकाराचे म्हणाल तर श्रीरामपूरची मुळा-प्रवरा वीज संस्थाही त्याच काळातली. पण २०११ मध्ये तिचे क्षेत्र महावितरणकडे गेले.

निपाणी, ऊसउत्पादक

आपण दोघे वारंवारतेत रमला आहात. मनोरा आमच्या उसात उभा राहतो. ४०० केव्हीच्या तारांखाली साधारण ४६ मीटर रुंदीचा पट्टा अडतो. तिथे ऊस घेता येतो, पण झाड किंवा घर होत नाही, आणि जमीन विकायला काढली की गिऱ्हाईक आधी तारांकडे बघते. भूसंपादन होत नाही. जुन्या तार कायद्याचे अधिकार वापरून मनोरा उभा केला जातो. केंद्राने जून २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत मनोऱ्याच्या पायासाठी जमिनीच्या मूल्याच्या २०० टक्के आणि तारांखालच्या पट्ट्यासाठी ३० टक्के भरपाई सांगितली आहे. हे सीमेपलीकडे महाराष्ट्रात सातबारा असलेल्या आणि अलीकडे कर्नाटकात उतारा असलेल्या अशा दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांना सारखेच मिळणार का, एवढे कोणी नीट सांगावे. सीमेवर दर ठरवताना शेजारच्या तालुक्यातला खरेदीभाव धरत नाहीत, हा जुना अनुभव आहे.

कणकुंबी परिसर (धागाकर्ता)

दोन थैल्यांचा मुद्दा मला मान्य आहे आणि झाडतोडीआधी फिडर ही अट मी त्या स्वरूपात मागे घेतो. पण जंगल एकच आहे. वाहिनीसाठी वनखात्याची परवानगी मागताना मार्गाचा अभ्यास होतो, झाडे मोजली जातात, उपाय सुचवले जातात. त्याच अभ्यासात मार्गालगतच्या गावांचे ११ केव्ही फिडर का धरू नयेत? गोव्याच्या हद्दीत सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये नवी वाहिनी जुन्या २२० केव्ही वाहिनीच्या मार्गानेच नेण्यास सांगितले, म्हणजे मार्ग बदलता येतो हे सिद्ध आहे. आपल्याकडे मात्र हा प्रश्न गोव्याशी चाललेल्या म्हादई नदीच्या पाणीवादात ओढला गेला, आणि एकदा पाणी मध्ये आले की विजेवर कोणी बोलत नाही.

पारेषणातील निवृत्त गृहस्थांना एकच विचारतो: जुन्या मार्गालगत नवे मनोरे बसवताना एबी केबलसाठी त्याच साफ केलेल्या पट्ट्याची कड वापरता येईल का, की सुरक्षित अंतराचा नियम आड येतो? तसे असेल तर रस्त्याकडेने केबल नेण्याचा अर्ज ग्रामपंचायतीच्या ठरावासह या महिन्यातच देण्याची आमची तयारी आहे.