यामाहा आरएक्स १०० मोटरसायकलला आरएक्स १३५चा ब्लॉक (सिलिंडर) बसवतोय, हेड (त्यावरचं झाकण) कुठलं लावू?

प्रश्न (सातारा): वडिलांची १९९३ची आरएक्स १०० आहे. ब्लॉक शेवटच्या ओव्हरसाइझपर्यंत (पिस्टनच्या सर्वांत मोठ्या मापापर्यंत) आतून कापून संपलाय. १३५चा चांगला ब्लॉक-पिस्टन मिळतोय, पण हेड नाही. मेस्त्री म्हणतो, जुनंच बसव. चालेल का?

उत्तर (कोल्हापूर): नको दादा, अजिबात नको! १००चा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५० मिमी, १३५चा ५८. स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) दोन्हींचा ५०च. म्हणजे ९८चे १३२ सीसी झाले, पण हेडमधली पोकळी ९८ साठीच कापलेली. कॉम्प्रेशन (मिश्रण दाबलं जाण्याचं प्रमाण) भलतंच वाढणार, शिवाय पिस्टनची कड चहूबाजूंनी ४ मिमी हेडच्या सपाट भागाखाली येणार. चढाला टणटण वाजायला लागलं की पिस्टनला भोक पडायला वेळ लागत नाही. १३५चंच हेड शोधा, थांबावं लागलं तरी थांबा.

आणि हेड मिळालं तरी पिस्टन आणि हेडमधला गॅप तपासाच. पिस्टनवर, पिस्टनच्या पिनच्या रेषेत दोन्ही कडांना सोल्डरची तार ग्रीसने चिकटवा, हेड नीट आवळा, किक हाताने हळू फिरवा. चेपलेली तार व्हर्नियरने मोजा. एक मिमीच्या आसपास हवी.

उत्तर (पुणे): कार्ब्युरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं छिद्र) वाढवा. आधी मोठा टाकून स्पार्क प्लगचा रंग बघत खाली या.

प्रश्नकर्ता: आभारी आहे! ब्लॉकची स्लीव्ह (खाली निघालेली नळी) क्रँककेसमध्ये (इंजिनच्या खालच्या डब्यात) सरळ बसेल?

उत्तर (कोल्हापूर): आधी मोजा. केसचं तोंड वाढवायचं असेल तर पूर्ण इंजिन खोलूनच टर्नरकडे द्या. नाहीतर चुरा क्रँकच्या बेअरिंगमध्ये जातो.