ललिता बाबर ‘वाया गेली’ म्हणे!

माणदेशी
काल एक पोस्ट फिरत आली. सारांश असा: रिओ ऑलिंपिकच्या फायनलनंतर धावपटू ललिता बाबरने उपजिल्हाधिकाऱ्याची खुर्ची धरली, सरकारने एक हमखास पदक फायलींच्या ढिगाऱ्यात पुरलं, बाई वाया गेली. खाली अंगठ्यांचा पाऊस. गप्प बसणार होतो, पण नाही जमलं.

लिहिणाऱ्याने तीन हजार मीटर स्टीपलचेस टीव्हीवर तरी पूर्ण पाहिली आहे का? 28 अडथळे, 7 वेळा पाण्याची उडी, आणि ओल्या बुटांनी पुढचा लॅप. आमच्या माण तालुक्यातल्या मोहीची ही पोरगी. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत 2012, 2013, 2014 अशी हॅटट्रिक. हारतुरे चालू असतानाच ती स्टीपलचेसकडे वळली आणि त्याच वर्षी इंचॉन एशियाडला ब्राँझ. 2015 ला वुहानला आशियाई सुवर्ण, बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत फायनल, आठवी. रिओत हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीत, 9:19.76 चा राष्ट्रीय विक्रम, फायनलला दहावी. ऑलिंपिकच्या वैयक्तिक ट्रॅक फायनलमध्ये 1984 च्या पी. टी. उषानंतर पहिली भारतीय बाई. तो राष्ट्रीय विक्रम मोडायला 2023 उजाडलं, पारुल चौधरीने बुडापेस्टला मोडला. ह्याला वाया जाणं म्हणत असाल तर आम्हा सगळ्यांना असं वाया जाऊ द्या. नोकरी दिली, तिने घेतली. गुडघे तिचे, करमणूक तुमची!

लॅप_सात
पोस्ट माझीच. मागे घेत नाही.

एवढे आकडे दिलेत, सोयीचा नाही तो गाळलात. जकार्ता एशियाड, 2018. स्टीपलचेसचं सुवर्ण बहरीनच्या विन्फ्रेड यावीला, 9:36.52. रौप्य आपल्या सुधा सिंगला, 9:40.03. सुधा वयाने ललितापेक्षा मोठी. रिओची वेळ राहू द्या, ललिताची वुहानची 9:34.13 सुद्धा सुवर्णाला पुरली असती. रिओत ती 27 वर्षांची होती. लांब पल्ल्याचा धावपटू खरा तयार होतो तिथून पुढे. आणि पोटापाण्याचं कारण सांगू नका, रेल्वेत नोकरी होतीच. तिथे पळणं हीच ड्यूटी असते. महसुलात पळायची सोय आहे का? सकाळी सहाला पळण्याचा सराव करून दहाला पंचनाम्याला जायचं?

स्प्लिट_टाइम
दोन शर्यतींची वजाबाकी करून पदक वाटू नका राव. चॅम्पियनशिपमध्ये पहिल्या नंबरची गरज असेल तेवढंच पळतात. तीच यावी 2024 ला पॅरिसला 8:52.76 पळून ऑलिंपिक सुवर्ण घेऊन गेली. जकार्तात तिच्या मागे कुणी 9:34 ने लागलं असतं तर ती 9:36 ला आली असती का? इंचॉनला ललिता आणि सुधा यांच्यात पाव सेकंदाच्या आसपासचं अंतर होतं, एकीला ब्राँझ, दुसरी चौथी. इतक्या बारीक गोष्टीवर ‘हमखास’?

मात्र रेल्वेचा मुद्दा बरोबर आहे. स्टीपलचेसचाच अविनाश साबळे बघा. बीडचा, सैन्यात आहे, पगार चालू, काम पळणं. म्हणून तर 2018 मध्ये गोपाल सैनींचा 1981 चा विक्रम मोडला, तिथून 2024 ला 8:09.91 पर्यंत वेळ आणता आली.

एमपीएससीग्रस्त
सगळे मिनिट-सेकंद मोजताय, खरा प्रश्न कोणी विचारत नाही. थेट उपजिल्हाधिकारी का? आम्ही पेठेतल्या अभ्यासिकेत तरुणपण घालवलं. प्रिलिम, मेन्स, मुलाखत, मग कोर्टात याचिका, मग निकाल लांबणीवर. पहिल्या काही नावांत आलात तरच ही पोस्ट. स्टीपलचेसमध्ये दहावी आलेली व्यक्ती जमिनीच्या अपिलावर निकाल देणार?

माणदेशी
ऑलिंपिकमध्ये दहावी. तुम्ही तुमच्या प्रिलिमला कितवे होता?

आणि प्रशिक्षण घेऊन, माणगावला तहसीलदारकी करून शिकली आहे ती. सातबारा काय रॉकेट आहे का?

एमपीएससीग्रस्त
वैयक्तिक होऊ नका. खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण वेगळं आहेच. त्यात बोगस प्रमाणपत्रांचा केवढा घोळ निघाला, पेपरात आलंय. ट्रॅम्पोलिन कधी डोळ्यांनी पाहिलं नाही अशी माणसं ट्रॅम्पोलिनचे खेळाडू! माझ्या रूममेटची पोस्ट अशाच एकाने खाल्ली. तो आता गावी दुकान बघतो. तुम्हाला सेकंदांचं पडलंय.

स्पाइक्स_नाहीत
तुमच्या रूममेटचं वाईट वाटतं, पण राग चुकीच्या बाईवर काढताय. माझी बहीण विद्यापीठाकडून पाच हजार पळायची. प्रमाणपत्रं अस्सल, फाइल भरून. पडताळणीला एका कार्यालयात दिली, तिथून ती फाइल हललीच नाही. वय निघून गेलं. बोगसवाल्यांनी तुमची पोस्ट खाल्ली, तशी आमचीही खाल्ली. तिने रिओची हीट पाहिली तेव्हा ओरडून घर डोक्यावर घेतलं होतं. ललिताला पोस्ट मिळाली तेव्हा म्हणाली, एकीला तरी मिळाली.

आणि थेट नियुक्ती म्हणजे खैरात वाटत असेल तर कविता राऊतचं घ्या. 2010 ला दिल्ली राष्ट्रकुलमध्ये दहा हजारात ब्राँझ, त्या स्पर्धेत ट्रॅकवर वैयक्तिक पदक घेणारी पहिली भारतीय महिला. त्याच वर्षी ग्वांगझू एशियाडला रौप्य. 2024 मध्ये तिला जाहीरपणे सांगावं लागलं की राज्य सरकारने अजून नोकरी दिलेली नाही.

लॅप_सात
हेच तर म्हणतोय! एकीला पद देऊन ट्रॅकवरून उठवायचं, दुसरीला ताटकळत ठेवायचं. पद राखून ठेवा ना, निवृत्तीनंतर रुजू करून घ्या.

माणदेशी
राखून ठेवतील, आणि सरकार बदललं की शोधत बसा कुठे ठेवलं ते. कविताचं आत्ताच वाचलंत ना? पुढ्यात आलेलं पद तिने ‘नंतर येते’ म्हणून परत पाठवायचं? तेही कुणाच्या भरवशावर, तुमच्या?

स्प्लिट_टाइम
ह्यावर लॅप_सात यांच्याकडे उत्तर नसणार. माझ्याकडेही नाही. शिवाय साबळेचं उदाहरण मीच दिलं म्हणून पुढचंही सांगतो. जुलै 2025, मोनॅको, पडला, गुडघ्याचा एसीएल हा स्नायुबंध गेला, टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. पुढच्या शर्यतीत पाय शाबूत असेल याची हमी कुठली रेल्वे देते?

लॅप_सात
ठीक आहे. तिच्या जागी मी असतो तर मीही सही केली असती, खूश? पण सही घेणाऱ्यांना जकार्ताची तारीख माहीत होती, आणि त्यांना एकानेही विचारलं नाही. माझी पोस्ट त्यांच्यासाठी होती. तुम्ही ती मोहीच्या वेशीवर नेऊन टांगलीत.

एमपीएससीग्रस्त
म्हणजे पद राखीव, वर पळायला पगारी रजा. आणि त्या जागेवर तोवर काम कोण करणार? प्रभारी. आमच्या तालुक्यात सगळेच प्रभारी आहेत, उत्पन्नाचा दाखला कधी मिळेल ते विचारा.

माणदेशी
दाखल्याचा वेगळा धागा काढा. तिथे मी तुमच्या बाजूने येतो.