शब्दचर्चा: शाकाहारी, निरामिष आणि नुसतंच 'खात नाही'

धागा सुरू करणारी (बँकॉक)

एका शब्दापायी आईच्या तोंडचा घास गेला, म्हणून हा धागा.

आई माळकरी आहे. माहेर-सासर दोन्ही फलटणजवळ, माउलींची पालखी जाते त्या वाटेवर. गळ्यातली तुळशीची माळ मी जन्मापासून बघतेय. मध्यंतरी ती महिनाभर इथे आमच्याकडे आली होती. दुसऱ्याच दिवशी दुपारी तिला आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या छोट्या हॉटेलात घेऊन गेले. थाई भाषेत शाकाहारीला 'मांगसविरात' म्हणतात. ऐकायला परका वाटतो, पण शब्द आपलाच आहे: मांस अधिक विरती. पाली-संस्कृतातून तिकडे गेलेला. मी तो मालकिणीला दोनदा सांगितला. तिने मान हलवली, मोठ्या जाळावर कढई ठेवली आणि दोन मिनिटांत हिरवीगार पालेभाजी समोर आली. आईने देठ बघूनच ओळखलं, "अगं, ही तर नाळीची भाजी!" इतक्या लांब ओळखीची भाजी भेटली म्हणून तिचा चेहरा खुलला होता.

पहिला घास घेतला आणि ती थांबली. म्हणाली, "याला वशाट वास येतोय गं."

मी विचारलं तर मालकीण अगदी खऱ्या मनाने म्हणाली, यात मांस नाही. नव्हतंच. पण नाम प्ला घातलं होतं. नाम म्हणजे पाणी, प्ला म्हणजे मासा. मीठ लावून महिनोन् महिने मुरवलेल्या माशांचं ते पाणी इथे आपल्या मिठासारखं प्रत्येक कढईत पडतं. ते घातलं, हे तिला वेगळं सांगावंसं वाटलं नाही. आपणही भाजीत मीठ घातलंय असं कुठे सांगतो?

आईने चूळ भरली आणि त्या दिवशी फळांवर राहिली. रात्री मला विचारलं, "तू शाकाहारी सांगितलंस ना? मग चुकलं कुणाचं?"

तेव्हापासून मी या शब्दाशी झगडतेय. शाक म्हणजे भाजीपाला. शाकभाजी, शाकंभरी पौर्णिमा यांतलं शाक तेच. आईच्या ताटलीत सगळा पालाच होता, म्हणजे शब्दाच्या अर्थाने ते शाक होतंच. ते निरामिष मात्र नव्हतं. 'शाकाहारी' हा शब्द ताटात काय आहे ते सांगतो, काय नाही ते सांगत नाही. आणि माळकऱ्याला तर काय नाही हेच कळायला हवं असतं.

तेव्हा दोन प्रश्न. एक, आपल्याकडे 'नाही' सांगणारे शब्द कोणते आहेत? दोन, हॉटेलच्या पाटीवर 'शुद्ध शाकाहारी' लिहितात, त्यातला 'शुद्ध' नेमकं काय काम करतो?

प्रतिसाद (सातारा)

ताई, तुमच्या आईंनी वापरलेला शब्दच धरून ठेवा. वशाट. आमच्याकडं मटण, मासे, कोंबडी सगळं मिळून वशाट. "आज घरात वशाट शिजलंय", "वशाटाचं भांडं वेगळं ठेव". रश्श्यात फोड दिसो न दिसो, वास आला की ते वशाट. तुमच्या त्या माशाच्या पाण्याला याहून नेमका शब्द नाही.

पण खरं सांगू का, रोजच्या बोलण्यात आम्ही शाकाहारीही म्हणत नाही आणि मांसाहारीही म्हणत नाही. आम्ही नुसतं विचारतो, "तुम्ही खाता का?" पाव्हणा म्हणतो, "नाही, मी खात नाही." काय खात नाही, ते कुणी बोलतच नाही. बाहेरच्याला वाटावं की हा उपाशी राहतो! मटण हा शब्द दोघांनीही गिळलेला असतो, आणि घोटाळा एकदाही होत नाही.

तसाच दुसरा शब्द 'वार'. "आज माझा वार आहे" म्हणजे आज सोमवार, गुरुवार, शनिवार यांपैकी धरलेला दिवस आहे, आज चालत नाही. जत्रेला नाहीतर सोयरिकीला बोलावताना पहिलं विचारतात, "कुणाचा वार नाही ना?" आणि तुमच्या आईंसारख्यांसाठी तर वेगळं विशेषण लागतच नाही. "दोघं माळकरी आहेत" एवढं आचाऱ्याच्या कानावर घातलं की तो चूल वेगळी, पळी वेगळी, तेलाचा डबासुद्धा वेगळा काढतो. म्हणून मला वाटतं, 'माळकरी' या एका शब्दात सगळं स्वयंपाकघर आलं. 'शाकाहारी'त फक्त ताट आलं.

प्रतिसाद (फोंडा, गोवा)

आमच्याकडचा शब्द 'शिवराक'. कोंकणीतला, पण गोव्यातली मराठी बोलणारी माणसंही सर्रास वापरतात. "आज सोमार, आज शिवराक." एरवी नुस्त्याशिवाय, म्हणजे मासळीशिवाय, ज्या घरात पान वाढलं जात नाही, त्याच घरात सोमवारी आणि अख्ख्या श्रावणात शिवराक रांधतात. हा शब्द माणसाला कायमचा चिकटत नाही, त्या दिवसाला आणि त्या जेवणाला चिकटतो. मला हे फार आवडतं. आमची आजी शिवराक नव्हती, पण तिच्या सोमवारच्या मुगागाठीला तोड नव्हती.

प्रतिसाद (पुणे)

'निरामिष'बद्दल लिहितो, कारण धाग्यात तो उपाय म्हणून आला आहे. संस्कृतात आमिष म्हणजे मांस. त्याच शब्दाला भक्ष्य, गळाला लावायचं खाद्य, लालूच असेही अर्थ आहेत. मराठीने त्यातली लालूच तेवढी ठेवली आणि मांस टाकून दिलं. "आमिषाला बळी पडू नका" ही सूचना आपण रोज वाचतो, त्यात मांसाचा लवलेश नसतो. त्यामुळे मराठी माणसाला 'निरामिष' म्हटलं की कळतं खरं, पण आतून काही हलत नाही. सामिष-निरामिष ही जोडी आपल्याकडे छापील भाषेतच राहिली.

बंगालीत मात्र निरामिष हा घरातला शब्द आहे, आणि तिथे त्यात कांदा-लसूण नसणंही येतं. हे इतकं मुरलेलं आहे की देवीला बळी दिलेल्या बोकडाचं मांस कांदा-लसूण न घालता शिजवतात, त्यालाही 'निरामिष मांस' म्हणतात. व्युत्पत्तीने बघाल तर मांस नसलेलं मांस! तेव्हा ताई, कोलकात्यात निरामिष शब्दावर विसंबून आईंना जेवायला न्याल तर तिथेही एक प्रश्न जास्तीचा विचारावा लागेल.

जाता जाता, पाट्यांचा विषय आहेच तर: 'उपहारगृह' नव्हे, 'उपाहारगृह'. उपाहार म्हणजे फराळ, उपहार म्हणजे भेटवस्तू. निम्म्याहून जास्त पाट्या चुकलेल्या दिसतात.

प्रतिसाद (कोल्हापूर)

'शुद्ध'बद्दल मी सांगतो. माझे वडील पाट्या रंगवायचे. बसस्थानकाच्या रस्त्यावरच्या हॉटेलांचे कितीतरी बोर्ड त्यांच्या हातचे होते. मी लहानपणी डबा धरून शेजारी उभा असायचो. पांढऱ्यावर हिरवी अक्षरं, 'शुद्ध शाकाहारी'. त्यातला 'द्ध' त्यांना सगळ्यात जास्त वेळ घ्यायचा. द-ला ध जोडून खालचा पोटभाग गोल आला नाही, तर लांबून तो 'ध्द' वाचला जातो, म्हणून ते खडूने दोन-दोनदा आखून घ्यायचे. दुपारी त्याच शिडीखाली बसून आम्ही भाकरी आणि सुकटाची चटणी खायचो. मालक चांगला होता, पाणी आणून द्यायचा. पण चटणीचा डबा उघडला की तो आत जायचा आणि आम्हीही पाठ करून बसायचो.

मी पुष्कळ विचार केलाय यावर. शुद्ध तूप, शुद्ध मध म्हणतो तेव्हा शुद्ध म्हणजे भेसळ नसलेलं. पाटीवर शब्द बहुधा त्याच अर्थाने आला असेल: इथे एकाच कढईत दोन्ही शिजत नाही, तेल वेगळं आहे, अंडंही नाही. गिऱ्हाइकाला ही खात्री हवी, हे मला मान्य आहे. पण शुद्ध म्हटलं की समोर अशुद्ध उभं राहतंच. तुपासमोर डालडा उभा राहिला तर डालड्याला काही वाटत नाही. इथे समोर माणूस उभा असतो. 'फक्त शाकाहारी' लिहिलं तर खात्री तेवढीच मिळते, आणि पाठ करून बसायची वेळ कुणावर येत नाही. वडिलांनी शेवटची काही वर्षं गिऱ्हाइकाला तसं सुचवूनही बघितलं. दोघांनी ऐकलं.

प्रतिसाद (नाशिक)

कोल्हापूरच्या दादांना नमस्कार. हे वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

माझी थोडी भर. गांधीजी 1888 साली लंडनला गेले ते आईला वचन देऊन, मांस खाणार नाही म्हणून. तिथे त्यांना 'मांस' शब्दाच्या तीन व्याख्या भेटल्या, त्यांनी आत्मकथेत ते सविस्तर लिहिलं आहे. पहिलीत फक्त पशुपक्ष्यांचं मांस, म्हणजे मासे चालतात. दुसरीत सगळ्या प्राण्यांचं मांस, म्हणजे मासे गेले पण अंडी चालतात. तिसरीत प्राण्यांपासून येणारं सगळंच, म्हणजे अंडी-दूधही नको. सोयीची व्याख्या निवडायची मोकळीक त्यांना होती, आणि मध्यंतरी त्यांनी अंडी घेतलीही. मग त्यांच्या लक्षात आलं की वचन ज्या आईने घेतलं, तिच्या मनातला अर्थच खरा. अंडी सुटली. त्यानंतर शाकाहारी हॉटेलातसुद्धा पुडिंगात, केकमध्ये अंडं आहे का ते विचारत बसावं लागायचं.

म्हणजे तुमचा प्रश्न सव्वाशे वर्षांहून जुना आहे, ताई, आणि तोही एका आईच्याच शब्दाचा.

आज आपल्याकडे वेष्टनावरच्या खुणेने एक व्याख्या ठरवून टाकली आहे. हिरवा ठिपका 2001 पासून आला. त्यात दूध आणि मध हिरव्या बाजूला, अंडं तपकिरी बाजूला. पुढे मांसाहाराच्या तपकिरी गोलाचा त्रिकोण केला, तो ज्यांना रंग ओळखता येत नाहीत त्यांच्यासाठी. पण ही खूण पाकिटावर असते. कढईवर कोण लावणार?

धागा सुरू करणारी (बँकॉक)

सगळ्यांचे मनापासून आभार. सातारकर दादा, 'खात नाही'बद्दल आईला फोनवर वाचून दाखवलं, ती म्हणाली, "मग? बरोबरच आहे की." कोल्हापूरच्या दादांचंही वाचून दाखवलं. त्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्यांना म्हणावं, आमच्या दारात बसून जेवा."

इथलं पुढचं सांगते, कारण त्यात एक शब्द हाती लागला. 'जे'. चिनी लोकांबरोबर आलेला, मुळात व्रतस्थ राहण्याचा शब्द. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात तो लिहिलेला असतो. मांगसविरातमध्ये अंडं, दूध चालतं, आणि पुष्कळांच्या मनात माशाचं पाणी म्हणजे मांस नव्हेच. 'जे' म्हटलं की मासा, अंडं, नाम प्ला, कालव्याचा सॉस, सगळं गेलं. शिवाय कांदा-लसूण आणि तशा उग्र वासाच्या भाज्याही गेल्या. मी आईला म्हटलं, "हा इथला चातुर्मास." ती म्हणाली, "मग यांची कांदेनवमी कधी असते?"

कांदेनवमी नाही, पण चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यातले पहिले नऊ दिवस इथे 'जे'चा सण असतो, आणि ते दिवस बहुतेक वर्षी आपल्या शारदीय नवरात्राशी जुळतात. याओवारातच्या चिनी वस्तीत रस्ताभर पिवळे झेंडे लागतात. त्याच दिवसांत सीलोम रस्त्यावरच्या मारिअम्मन देवळात नवरात्र चालू असतं.

अडचण एवढीच की 'जे'त दूधही नाही. आईला दुधाच्या चहाशिवाय सकाळ होत नाही. म्हणजे आपला 'शाकाहारी' या दोन शब्दांच्या मध्ये कुठेतरी बसतो: दूध हवं, अंडं नको, मासा तर नकोच, कांदा वार बघून. एवढं सगळं एका शब्दात सांगणारा थाई शब्द मला सापडला नाही. शेवटी आम्ही चहा घरी आणि जेवण झेंड्याखाली असं ठरवून टाकलं.

निघायच्या आदल्या दिवशी आई एकटी कोपऱ्यापर्यंत फिरायला गेली आणि तासभर आलीच नाही. मी शोधत गेले, तर बाई पिवळ्या झेंड्याच्या गाडीपुढे प्लास्टिकच्या स्टुलावर बसून टोफू घातलेली नाळीची भाजी आणि भात खात होत्या. एकही थाई शब्द न बोलता जेवण मिळवलं होतं. मला बघून म्हणाली, "पताका दिसली, म्हणून थांबले."

वऱ्हाड-नागपूरकडे आणि खानदेशात 'वशाट', 'वार', 'शिवराक' यांच्या जागी काय म्हणतात? तिकडच्या कुणी लिहिलं तर वहीत नोंदवून ठेवेन.