अनुभव धागा: दिल्लीतल्या जुन्या वास्तू पाहताना कुठे काय अडतं?

नाताळच्या सुट्ट्या जवळ आल्या की नागपुरातून दिल्लीची तिकिटं निघायला लागतात. ठिकाणांची यादी सगळ्यांकडे असते, पण कोणत्या वारी कुठे जायचं, कुठल्या दारानं, किती वेळ काढून, हे कुणी सांगत नाही. माहीतगारांनी ते इथे लिहावं, वर नावाच्या जागी आपली नागपुरातली वस्ती टाकावी. राहण्याखाण्याचा धागा वेगळा काढू.

महाल

आधी वार बघा. लाल किल्ला, राष्ट्रीय संग्रहालय आणि राष्ट्रपती भवन, तिन्ही सोमवारी बंद. कुतुबमिनार आणि हुमायूनचा मकबरा आठवडाभर उघडे, म्हणून सोमवार त्यांना द्या. 15 ऑगस्टच्या आधी लाल किल्ला बरेच दिवस बंद असतो. जानेवारीत संचलनाच्या सरावामुळे कर्तव्यपथाचे रस्ते अडतात.

गाडी नवी दिल्लीला आली तर मेट्रो अजमेरी गेटकडच्या बाजूला, 16 नंबर फलाटाकडे. पहाडगंजच्या बाजूनं बाहेर पडलात तर सामान घेऊन पूल परत ओलांडावा लागतो. त्याच बाजूला ‘आज किल्ला बंद आहे, आमच्या गाडीनं दुसरीकडे नेतो’ म्हणणारे भेटतात. थांबू नका, उत्तरही देऊ नका.

किल्ल्यासाठी व्हायोलेट लाइनवरचं लाल किला स्टेशन. आत जायचं लाहोरी दरवाज्यानं, पुढे छत्ता चौकाचा बाजार लागतो. ‘आत काहीच नाही’ अशी तक्रार पुष्कळ जण करतात. 1857 नंतर इंग्रजांनी आतल्या बहुतेक इमारती पाडून बराकी बांधल्या, म्हणून तसं वाटतं. संग्रहालयं या बराकींमध्येच आहेत, त्यांच्यासाठी तासभर वेगळा ठेवा. दिवाण-ए-खासमध्ये वर नक्की बघा. तिथलं चांदीचं छत सदाशिवरावभाऊंनी 1760 मध्ये सैन्याच्या खर्चासाठी काढलं. आज आहे ते नंतरचं लाकडी.

इतवारी

महालकरांच्या पुढे जोडते. किल्ल्यासमोर लाल जैन मंदिरापासून फतेहपुरी मशिदीपर्यंत चांदणी चौकाचा मुख्य रस्ता सकाळी 9 ते रात्री 9 मोटारगाड्यांना बंद असतो. चालायचं किंवा सायकलरिक्षा. रिक्षेचं भाडं बसण्याआधी ठरवा, आणि ते माणशी की पूर्ण रिक्षेचं हेही विचारून घ्या. भांडण तिथेच होतं. खारी बावलीचा मसाल्याचा बाजार पाहायचा असेल तर रविवार टाळा.

जामा मशिदीत नमाजाच्या वेळी पर्यटकांना बाहेर थांबवतात. शुक्रवारी दुपारी जाऊच नका. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. चपला काढायच्या असतात आणि दुपारी फरशी आपल्या मे महिन्यातल्या गच्चीसारखी तापते, म्हणून पिशवीत मोजे ठेवा. सीसगंज गुरुद्वारात डोकं झाकावं लागतं, आपला दुपट्टा किंवा शेला चालतो.

धरमपेठ

जंतरमंतर लोक दहा मिनिटांत उरकतात, कारण ही यंत्रं वाचायची कशी हे कुणी सांगत नाही. सवाई जयसिंगानं 1724 मध्ये बांधलेली ही वेधशाळा उन्हाशिवाय समजत नाही. ढगाळ किंवा दाट धुक्याच्या दिवशी जाऊ नका.

सम्राट यंत्र म्हणजे सावलीवरून वेळ दाखवणारी, सुमारे 70 फूट उंचीची त्रिकोणी भिंत, दोन्ही बाजूंना कमानी. तिची तिरपी कड पृथ्वीच्या अक्षाला समांतर आहे, म्हणून जमिनीशी तिचा कोन दिल्लीच्या अक्षांशाइतका, साधारण साडेअठ्ठावीस अंश. नागपुरात असं यंत्र बांधलं तर कड एकवीस अंशांवर आणावी लागेल. सकाळी सावली पश्चिमेकडच्या कमानीवर पडते, दुपारनंतर पूर्वेकडच्या.

सावली दाखवते ती वेळ घड्याळाशी जुळत नाही आणि लोक यंत्र बिघडलं म्हणतात. यंत्र बरोबर आहे. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावरच्या वेळेनं चालतं, दिल्ली सव्वासत्त्याहत्तरच्या आसपास. एका अंशाला 4 मिनिटं धरली की दिल्ली 21 मिनिटं मागे पडते. (नागपूर सुमारे 14 मिनिटं मागे आहे.) त्यात ऋतूनुसार फरक पडतो: नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथला खरा मध्यान्ह 12 वाजून 5 मिनिटांच्या आसपास, फेब्रुवारीच्या मध्याला 12:35 च्या जवळपास. मुलांना घेऊन मध्यान्हाच्या दहा मिनिटं आधी पोचा. सावली एका बाजूनं संपून दुसरीकडे सरकताना डोळ्यांनी दिसते.

मानेवाडा

कुतुबमिनार नावाच्या मेट्रो स्टेशनवर उतरलं तरी मिनार जवळ नाही भाऊ, ऑटो करावाच लागते. वर चढता येत नाही: 1981 च्या चेंगराचेंगरीनंतर 379 पायऱ्या बंद आहेत. म्हणून खालून नीट बघा. पहिले तीन मजले लाल दगडाचे, वरचे दोन संगमरवर मिसळलेले. वरचा भाग विजेनं मोडल्यावर फिरोजशहानं तो पुन्हा बांधला, म्हणून हा फरक. लोहस्तंभाला कुंपण आहे, मिठी मारता येत नाही. ऊन तिरपं असताना, सकाळी, कोरीवकाम उठून दिसते. शेजारचं मेहरौली पुरातत्त्व उद्यान फुकट आहे आणि तिथे गर्दी नसते.

पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंना 15 वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, वयाचा पुरावा सोबत ठेवा. मोठ्यांचं तिकीट मोबाइलवर काढलं तर रांग वाचते. ट्रायपॉड आत नेऊ देत नाहीत.

खामला

परतीची गाडी निजामुद्दीनहून असेल तर शेवटचा दिवस हुमायूनच्या मकबऱ्याला द्या, स्टेशन जवळ आहे. सामान आधी स्टेशनच्या क्लोकरूममध्ये टाका. बॅगेला कुलूप असल्याशिवाय घेत नाहीत. आत शिरल्यावर उजवीकडे ईसाखानचा मकबरा आहे, मुख्य इमारतीच्या आधीचा, 1547 चा. घाईत तोच सुटतो. मुख्य चौथऱ्याच्या पायऱ्या उंच आणि उभ्या आहेत, गुडघ्यांचा त्रास असलेल्या काका-काकूंना खालच्या बागेतच बसवा, घुमट तिथूनही पूर्ण दिसतो. डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे दिल्लीकडे येणाऱ्या गाड्या कित्येक तास उशिरा पोचतात, म्हणून जातानाच्या पहिल्या दिवसावर राष्ट्रपती भवनाची आगाऊ वेळ घेऊ नका.